कोरडी, तुरट, कषाय : वाइनच्या चवीचे शब्द

प्रश्न असा आला आहे : “वाइनच्या वर्णनात ‘ड्राय’ला ‘कोरडी’ म्हटलेलं वाचलं. प्यायल्यावर तोंड कोरडं पडतं म्हणून हा शब्द आला का? आणि बरीच वर्षं ठेवलेल्या बाटलीतल्या वाइनला मराठीत काय म्हणावं?”

तोंड कोरडं पडण्याशी ‘ड्राय’चा काडीचा संबंध नाही. हा गोंधळ इतक्यांदा कानावर येतो की आधी तो निस्तरतो. ड्राय म्हणजे गोडवा नसलेली. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्टने खाल्ली, तिचं अल्कोहोल झालं आणि मागे जवळपास काही उरलं नाही, की वाइन ड्राय. युरोपीय संघाच्या नियमात साध्या वाइनला लिटरमागे 4 ग्रॅम साखरेपर्यंत हे नाव चालतं, आम्लता पुरेशी असेल तर 9 ग्रॅमपर्यंत. तोंड कोरडं करणारा पदार्थ निराळाच, त्याचं नाव टॅनिन. तरुण व्हिंटेज पोर्ट (एकाच वर्षीच्या द्राक्षांची पोर्तुगालची वाइन) चांगली गोड असते आणि तरीही तोंड पार कोरडं करून सोडते. उलट शाब्लीसारखी पांढरी वाइन पूर्ण ड्राय असते आणि तोंडाला पाणी सुटतं.

मग ‘कोरडी’ आली कुठून? फ्रेंचांची ‘सेक’, इटालियनांची ‘सेक्को’, जर्मनांची ‘ट्रोकन’ या सगळ्यांचा शब्दशः अर्थ तोच. आपण तो इंग्रजीमार्गे उचलला. पण मूळ घरातही हा शब्द धड वागत नाही. शॅम्पेनच्या बाटलीवर ‘सेक’ लिहिलं असेल तर आत लिटरला 17 ते 32 ग्रॅम साखर असते, म्हणजे ती जिभेला सरळ गोड लागते. ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये 12 ते 17. खरोखर कमी गोड हवी असेल तर ‘ब्रूट’ शोधायची, तिथे मर्यादा 12च्या आत. असा शब्द ‘कोरडी’ करून मराठीत आणला की वाचणारा तोंडाच्या कोरडेपणाकडेच जाणार, प्रश्नकर्ते गेले तसे. माझं मत ‘अगोड’ला. छोटा शब्द आहे, आणि साखरेबद्दल आहे ते साखरेबद्दलच बोलतो.

‘कोरडी’च्या बाजूने एकच वजनदार पुरावा देता येतो, तो ग्रीकांचा. त्यांचा ‘ऑस्टेरोस’ हा शब्द जीभ सुकवणाऱ्या, राठ लागणाऱ्या चवीचा, आणि तो वाइनलाही लावत. तो निघाला ‘आउओस’वरून, म्हणजे सुका. हा आउओस आपल्या ‘शुष्क’चा, पर्यायाने मराठी ‘सुका’चा, नात्यातला आहे! इंग्रजीत एखाद्या राठ वाइनला आजही ‘ऑस्टिअर’ म्हणतात, तेव्हा आपल्या सुक्याचा हा लांबचा भाऊबंदच बोलत असतो. पण नीट पाहा : ऑस्टेरोस चव सुकवते ती जिभेला. साखरेचा तिथे विषयच नाही. म्हणजे हा पुरावा ड्रायच्या बाजूने पडत नाही, टॅनिनच्या बाजूने पडतो.

आणि टॅनिनच्या चवीला मराठीत शब्द आहे. तो असताना लोक ‘कडवट’ लिहितात याचा मला खरोखर राग येतो. कडू वेगळं, तुरट वेगळं. नेबिओलो या इटालियन लाल द्राक्षाची तरुण वाइन, बरोलोसारखी, मिळाली तर एक घोट तोंडात फिरवा, गिळा आणि जीभ वरच्या हिरडीवरून फिरवून पाहा. आधी सुळकन सरकत होती ती आता अडखळते. ओठ आणि दात एकमेकांना चिकटू पाहतात, गालांची आतली बाजू ओढली जाते, तोंड आवळून येतं. यात कडू काही नाही. आंबटही नाही, आंबटाने दात आंबतात आणि लाळ सुटते. तुरटाने होती ती लाळही आटल्यासारखी होते. द्राक्षाच्या साली, बिया, देठ आणि ओकची पिंपं यांतून आलेलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, त्यांचे गठ्ठे करतं, आणि तोंडाचं वंगणच जातं. तोंड कोरडं पडतं ते यामुळे.

‘तुरट’चं मूळ संस्कृत ‘तुवर’. अमरकोशात सहा रसांची यादी सुरूच होते ती तुवरापासून, आणि लगेच त्याचा प्रतिशब्द येतो : कषाय. तुरटी त्याच घरातली. ‘तुवरी’ म्हणजे तूरही आणि एक तुरट मातीही, हेही जाता जाता. (आवळा तुरट असतो आणि तोंड आवळतो म्हणून आवळा, ही व्युत्पत्ती मात्र कृपया पसरवू नये. आवळा ‘आमलक’वरून आला, आवळण्याशी त्याची फक्त ध्वनीची गाठ आहे. जुने ग्रंथ वाचणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : संस्कृतातला कटु म्हणजे आपलं तिखट, आणि आपलं कडू म्हणजे त्यांचं तिक्त. आपल्या ‘कडू’ने कटुचं रूप घेतलं आणि तिक्ताची चव.)

पण माझा जीव आहे तो ‘कषाय’वर. परंपरेने हा शब्द ‘कष्’ धातूवरून लावतात. कष् म्हणजे घासणं, खरवडणं. सोनं दगडावर घासून पाहतात तो निकष. तो दगड कषपट्टिका, तिचीच मराठीत कसोटी झाली. कस लागणं, कसाला उतरणं, हे सगळं कुटुंब एका घासण्यातून निघालं. म्हणजे जिभेला घासणारी चव ती कषाय, आणि खऱ्या-खोट्याची पारख करणारं घासणं तो निकष. यावर कोणी म्हणेल की ही व्युत्पत्ती मागाहून अर्थाला जुळवून घेतलेली आहे. म्हणू दे. असा आक्षेप घेणाऱ्यांनी नेबिओलोचा तो घोट घ्यावा, जीभ हिरडीवरून फिरवावी, आणि घासण्याखेरीज दुसरं क्रियापद सुचलं तर सांगावं. वाइन चाखणाऱ्या जगभरच्या मंडळींचे टॅनिनचे शब्द पाहा : खरखरीत, भरड, दाणेदार, बारीक दाण्याची, रेशमी, मखमली. सगळे हाताने घासून पाहण्याचे शब्द आहेत, चवीचा त्यांत एकही नाही. कापड किंवा पीठ पारखावं तशी ही माणसं टॅनिन पारखतात. कष् धातूला याहून मोठा पुरावा मला नको.

इथेच शरीरशास्त्रवाल्यांशी माझं भांडण आहे. ते म्हणतात तुरट ही चव नाहीच. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाच चवी, तुरट ही नुसती स्पर्शाची जाणीव, सबब यादीतून बाद. जाणीव स्पर्शाची आहे हे ठीक. पण चरकसंहितेने कषाय रसाचं लक्षण देताना नेमकं हेच पकडलं होतं : तो जिभेला विशद (म्हणजे बुळबुळीतपणा गेलेली), ताठर, जड करतो आणि गळा जणू बांधून टाकतो. हे वर्णन स्पर्शाचंच आहे, आणि तरीही त्यांनी त्याला रस म्हणून सहांत बसवलं, कारण तोंडात घेतलेल्या पदार्थाची ओळख त्यातून पटते. आणखी गंमत म्हणजे तुरटाला इंग्रजीत म्हणतात ‘अ‍ॅस्ट्रिंजंट’. तो ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचाही अर्थ आवळून बांधणं. चरकाने बांधणं म्हटलं, रोमनांनी बांधणं म्हटलं, आपलं तोंड आवळतं. तीन भाषांना जे एकसारखं जाणवलं ते बाद करायला रुचिकलिकांची मोजणी पुरेशी नाही.

कषायचा अर्थ चवीपाशी थांबत नाही. साली-मुळ्या उकळून काढलेला अर्क, म्हणजे काढा, तोही कषाय. आणि त्या अर्कात बुडवून रंगवलेलं वस्त्र ते काषाय. बौद्ध भिक्खूंना वस्त्रं रंगवायला जे रंग मान्य होते ते मुळं, खोड, साल, पानं, फुलं, फळं यांचे. त्यांच्या चीवराचं नाव पुढे जपानपर्यंत ‘केसा’ होऊन पोचलं. जैनांनी क्रोध, मान, माया, लोभ या चौघांना कषाय म्हटलं, कारण ते आत्म्याला डागतात. आणि धम्मपदात श्लेषच आहे : ज्याच्या मनाचा कसाव (म्हणजे कषाय, मळ) गेला नाही, त्याला कासाव (म्हणजे काषाय) वस्त्र शोभत नाही. आता युरोपात पाहा. ‘टॅनिन’ आला फ्रेंच ‘तां’वरून, म्हणजे कातडी कमावायला वापरायची ओकची कुटलेली साल. दक्षिण-पश्चिम फ्रान्समधल्या मादिराँची ‘तन्ना’ ही द्राक्षंही नावाने त्याच कुळातली, आणि तुरटपणात ती कुणाला हार जात नाहीत. तिकडे सालीवरून कातडं कमावलं, इकडे सालीवरून कापड रंगवलं. सालीच्या अर्कातला कामकरी पदार्थ बव्हंशी एकाच कुळातला. चव, काढा आणि रंग यांना एकच शब्द देणाऱ्याने टॅनिन नावाची वस्तू बाटलीत न बघताच ओळखली होती!

म्हणून टॅनिनला मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर ‘कषाय’ घ्या, आणि विशेषण म्हणून ‘तुरट’. तुरट वाइन, तुरटसर वाइन, अंगाने भरलेली पण तुरटपणा मऊ झालेली वाइन : सगळं सहज बोलता येतं.

जुन्या बाटलीचा प्रश्न. तिथे हा शब्द फारच सुंदर वागतो. तरुण लाल वाइन जांभळट असते. वर्षं जातात तसे टॅनिनचे आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना जोडून मोठे होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून अशी बाटली आधी उभी ठेवून, मग दुसऱ्या भांड्यात अलगद ओतून गाळ मागे ठेवतात. चव मऊ होते. आणि पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर कडेचा रंग विटेसारखा, पुढे गेरूसारखा दिसतो. तोच काषाय वर्ण. कषाय चव ओसरत जाते तसतसा काषाय रंग चढत जातो. पांढऱ्या वाइनचं उलट, ती गडद होत सोनेरी, मग पिंगट होते.

अशा वाइनला ‘परिपक्व’ म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो शब्द निबंधातला वाटतो. शिवाय पक्व होतं ते फळ, आणि द्राक्ष पक्व झालं होतं ते तोडणीच्या वेळीच. बाटलीत जे होतं त्याला ‘मुरणं’ म्हणतात. मुरलेली वाइन म्हटलं की ताज्या फळाचा वास मागे सरून चामडं, सुकी पानं, तंबाखू, ओली माती, अळंबी असे वास पुढे आले आहेत आणि चवीचे कोपरे झिजले आहेत, हे सगळं आलं. सगळ्याच वाइन मुरत नाहीत, बहुतेक तर लवकर पिऊन टाकण्यासाठीच केलेल्या असतात. मुरायला टॅनिन, आम्लता किंवा साखर यांचं भांडवल लागतं. बरोलोला बाजारात येण्याआधी 38 महिने थांबावं लागतं आणि जास्त मुरवलेल्या बरोलोला, म्हणजे ‘रिझर्वा’ला, 62, ते उगीच नाही.

जेवणाबरोबर जुळवायचं तर याच शब्दांचा आधार घ्या. तुरट वाइनला चरबीचं मांस किंवा कठीण, जुनं चीज द्या. टॅनिनला पकडायला प्रथिनं ताटातच मिळतात आणि तोंडाची सुटका होते. तिखटाबरोबर तुरट नको, दोघं एकमेकांना भडकवतात. मुरलेल्या वाइनला मात्र असा आडदांड जोडीदार लागत नाही. अळंबी, मंद भाजलेलं मांस, साधे मसाले, एवढ्यावर ती बोलते. झणझणीत पदार्थापुढे तिचे सगळे वास दबून जातात.

राहिली ती वेळ टळून गेलेली बाटली : फळ संपलेलं, वास विरलेला, आणि उरलाय तो फक्त राठ तुरटपणा आणि आंबट शेपूट. इंग्रजीत तिलाही ‘सुकत चाललेली’ म्हणतात आणि मग आपल्याकडे पुन्हा ‘कोरडी’ लिहिलं जातं. झाड असं झालं की आपण ‘वठलं’ म्हणतो. वाइनही वठलेली म्हणा. तिच्याबरोबर कुठलाही पदार्थ जुळवत बसू नका, एकही तिला वाचवत नाही.