दावा नामंजूर झाला म्हणून कानाचं यंत्र का नाकारायचं?

‘पेन्शन चालू आहे, मग वर अपंगत्वाचे पैसे मागणं बरं दिसतं का?’ सातारा-सांगलीकडच्या माजी सैनिकांच्या घरून हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. विचारते बहुधा बायको. नवरा शेजारी गप्प बसलेला असतो.

असेच एक हवालदार (ओळखीचे तपशील बदललेत). सारी नोकरी तोफखान्यात. आता ऐकू कमी येतं, आणि कानात रात्रभर शिट्टी वाजत राहते. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाने बहिरेपण २० टक्के लावलं आणि पुढे लिहिलं, हा आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेत वाढलेलाही नाही. अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर.

वहिनी म्हणाल्या, ‘‘पैशाचं जाऊ द्या मॅडम. त्या दिवसापासून ह्यांनी मेडलं ट्रंकेत टाकलीत. आणि कानाचं यंत्र घ्या म्हटलं की अंगावर येतात.’’

यंत्र का नको, हे त्यांच्याकडून काढायला वेळ लागला. ‘‘आधी त्यांनी कबूल करू दे, मग लावतो.’’ मला खरं दुखणं इथे दिसलं. पत्र त्यांनी ‘तू खोटा आहेस’ असं वाचलं होतं आणि उपचारच ओलीस ठेवले होते. मी ते पत्र त्यांना मोठ्याने वाचायला लावलं. अर्ध्यात थांबून म्हणाले, ‘‘यात कारणच दिलेलं नाही की!’’ इतके दिवस स्वतःवर निघणारा राग तेव्हा कागदावर गेला.

भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीत जडला, तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं. तसं नाही हे सैनिकाने नव्हे, सरकारने दाखवायचं. सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात २०१३ मध्ये हे सांगितलं. २०१४ च्या राम अवतार निकालानंतर, हक्क मान्य झाला की पेन्शनसाठी २० टक्के अपंगत्व हे ५० टक्के धरलं जातं. तेव्हा ही भीक नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये नियम बदललेत, म्हणून वकिलाला निवृत्तीची तारीख आधी सांगा. पहिलं अपील नकारापासून सहा महिन्यांत, मग दुसरं, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. कागद लावायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. टक्केवारीवर काम घेणारे एजंटही भेटतील, त्यांना लांबूनच रामराम.

वर्षानुवर्षं वाट पाहणं मात्र घरालाच निभवावं लागतं. म्हणून आम्ही ठरवलं, फाइल फक्त रविवारी सकाळी उघडायची. मुलाने प्रती काढायच्या, भरतीची वैद्यकीय नोंद सगळ्यात वर. जेवताना केसचा विषय नाही. झोपताना खोली अगदी शांत ठेवायची नाही. बारीक आवाजात रेडिओ लावला की शिट्टी मागे पडते. यंत्राचं मी एवढंच म्हटलं, ‘‘कान तुमचा आहे, बोर्डाचा नाही. आणि यंत्र लावलं म्हणून दावा कमजोर होत नाही.’’ ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, यंत्र आलं. पहिले काही दिवस खिशातच फिरत होतं.

परवा त्यांचा फोन आला. पूर्वी फोन वहिनीच करायच्या.

‘‘मॅडम, पहिलं अपील फेटाळलं. दुसऱ्याचा मसुदा घेतलाय करायला. वकील म्हणतात गोळीबाराच्या सरावाच्या नोंदी मागवा, त्या रेकॉर्ड ऑफिसला लिहून मागू ना?’’