रात्रीच्या आभाळात पट्टे का येतात?

प्रश्न : ताई, मैत्रिणीच्या साथीने मी सात मिनिटांची टूडी अ‍ॅनिमेशन फिल्म केली. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये जोडली, हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एमपी४ काढली, त्यातल्या ‘ट्यून’ या पर्यायात ‘अ‍ॅनिमेशन’ निवडलं. टीव्हीवर पाहिली तर रात्रीच्या आभाळात आडवे पट्टे! बिटरेट (सेकंदाला वापरला जाणारा डेटा) दुप्पट केला. फाइल फुगली, पट्टे जिथल्या तिथे. काय चुकतंय?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : बिटरेट बिचारा निर्दोष आहे गं. आठ बिटच्या व्हिडिओत उजेडाच्या पायऱ्या २५६, त्यातही चित्राला साधारणपणे १६ ते २३५ एवढ्याच मिळतात. तुझं आभाळ गडद निळ्यापासून किंचित कमी गडद निळ्यापर्यंत जातं. समज, त्यात वीसच पायऱ्या आल्या. चित्राच्या उंचीच्या १०८० ओळी भागिले २०, म्हणजे एकेक पट्टा ५४ ओळींचा. दिसणारच! दहा बिटमध्ये तेवढ्याच जागेत ऐंशी पायऱ्या बसतात. कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात बारीक दाणा असतो, तो हे झाकून टाकतो. तुझं आभाळ मात्र स्वच्छ धुतलेलं.

म्हणून आधी मुळाशी जा. आफ्टर इफेक्ट्समधला नवा प्रोजेक्ट मुळात आठ बिटचा असतो. तो १६ वर ने, पुन्हा रेंडर कर आणि प्रोरेझ ४२२ एचक्यू या दहा बिटच्या फॉरमॅटमध्ये मास्टर (उत्तम दर्जाची मूळ प्रत) काढ. आठ बिटमध्ये एकदा पडलेले पट्टे पुढे दहा बिटची फाइल केली म्हणून जात नाहीत. मग हँडब्रेकमध्ये एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) दहा बिट, प्रीसेट ‘स्लो’, आरएफ (दर्जाचा आकडा) १८. हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. अ‍ॅनिमेशनची फाइल १८ लाही फार फुगत नाही.

आता त्या ‘ट्यून’बद्दल. नाव पाहून सगळेच फसतात. ठळक रेघा आणि सपाट रंग यांच्यासाठी ते ठीक आहे, पण सपाट भागांना जास्त बिट देणारं ‘एक्यू’ त्यात कमी होतं : एच.२६४ ची फाइल बनवणाऱ्या एक्स२६४ या एन्कोडरमध्ये १ वरून ०.६, एच.२६५ च्या एक्स२६५ मध्ये ०.४. म्हणजे नेमकं आभाळच उपाशी! ‘ट्यून’ ‘नन’ (काहीच नाही) ठेव आणि खालच्या जादा पर्यायांच्या चौकटीत aq-mode=3 (एक्यू-मोड ३) लिही. तो अंधाऱ्या भागांकडे झुकतो.

घरचा टीव्ही जुना असेल आणि दहा बिटची फाइल चालवत नसेल, तर एच.२६४ आठ बिटच घे, पण रेंडर करण्याआधी आभाळावर अगदी हलका नॉइज (बारीक दाणा) टाक. तो टिकावा म्हणून आरएफ १६ च्या आसपास ठेव. फाइल मोठी होईल, होऊ दे.

आणि हो, सेकंदाला बाराच चित्रं काढलीस म्हणून फ्रेम रेट १२ करू नकोस. चोवीसच राहू दे. तंतोतंत सारख्या फ्रेमला एन्कोडर जवळजवळ काहीच जागा देत नाही.

अख्खी फिल्म लगेच काढत बसू नकोस. आभाळाचा तेवढा तुकडा काढ आणि त्याच टीव्हीवर, दिवे मालवून बघ. लॅपटॉपच्या पडद्यावर हे पट्टे नीट कळतीलच असं नाही.