दारू एकदम सोडली की हात का थरथरतात?

प्रश्न : यजमान दहा वर्षं रोज अर्धी बाटली घेतात. मागे एकदा स्वतःहून थांबले, पण दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घामाने अंथरूण भिजलं. सासूबाई म्हणाल्या, अशक्तपणा आहे, ग्लुकोजचं पाणी दे. शेवटी उतारा म्हणून त्यांनी दोन घोट घेतले आणि थरथर थांबली. आता पुन्हा सोडायचं म्हणतात. घरच्या घरी जमेल का?

उत्तर : नाही. इतकी दारू घरी एकदम बंद करू नका. घोट घेताच थांबते ती थरथर अशक्तपणाची नसते. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते आणि मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दाब अचानक निघाला की नुसता जोर उरतो.

अर्धी बाटली म्हणजे ३७५ मिलिलिटर. ४० टक्क्यांची दारू असेल, तर तीत जवळपास १२० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीर तासाला जेमतेम ७ ते १० ग्रॅम जिरवतं. ती उतरू लागली की त्रास सुरू. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या. ४८ तासांपर्यंत फिट येऊ शकते. खरा घात तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतो, तोवर घरचे निर्धास्त झालेले असतात. माणूस वेळ-काळ विसरतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, चादरीवरून नसलेलं काहीतरी वेचत बसतो, अंग तापतं. यात जीव जातो. तडक रुग्णालय गाठा.

म्हणून सोडण्याआधीच डॉक्टरांना भेटा. रोजचं प्रमाण (कमी करून सांगू नका, डोस त्यावर ठरतो), पूर्वी फिट किंवा कावीळ झाली होती का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे सांगा. बहुधा डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड या मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या देऊन ५ ते ७ दिवसांत डोस उतरवत नेतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. या गोळ्या दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून थांबू शकतो, तेव्हा परस्पर आणू नका.

ग्लुकोजचं म्हणाल, तर रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, फार कमी असतं. ग्लुकोज वापरताना उरलंसुरलंही संपतं. मग नजर स्थिर राहत नाही, तोल जातो, स्मृती कायमची जाऊ शकते. थायमिन आधी किंवा सोबत हवंच, तेही बहुधा इंजेक्शनने.

प्रश्न : भावाच्या जेवणात गुपचूप दारू सोडवण्याची पावडर मिसळली तर चालेल?

उत्तर : मुळीच नाही. अशा औषधात डायसल्फिरॅम असेल आणि त्याने वर दारू घेतली, तर अ‍ॅसिटाल्डिहाइड (दारू जिरताना शरीरात तयार होणारं विषारी द्रव्य) साचून चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर मृत्यूही. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी सुरू करतात. बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा बाधतं. त्यामुळे औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी पाकिटात हवी.