बंदी असती तर हिनं केलंच नसतं?

गर्भपाताचा विषय निघाला की समोरच्या जोडप्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "सरकार हे बंदच का करत नाही?" मी समुपदेशक, आणि माझ्या अनुभवात हा प्रश्न सरकारला क्वचितच असतो. तो शेजारच्या खुर्चीला असतो.

असंच एक जोडपं, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. दोन मुलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा तिनं मैत्रिणीकरवी मेडिकलमधून गोळ्या आणून गुपचूप घेतल्या. अंगावरून इतकं गेलं की रात्री दवाखाना गाठावा लागला. नवऱ्याला कळलं ते तिथं. त्यानंतर त्यानं बोलणंच टाकलं.

"पाप केलंय हिनं. कायद्यानं सूट दिलीय म्हणून एवढं धाडस. बंदी असती तर केलंच नसतं."

मी तिला विचारलं, "सूट आहे हे माहीत होतं?"

"सूट? मला तर बंदीच वाटत होती. दवाखान्यात बोर्ड असतो ना, गुन्हा आहे म्हणून. वाटलं, डॉक्टरकडे गेले तर पोलीस येतील."

तो बोर्ड गर्भलिंगनिदानाचा, 1994च्या कायद्याचा. गर्भपाताचा कायदा 1971चा, निराळा. पण तिच्या मनात बंदी पक्की होती. त्या बंदीनं गर्भपात टळला नाही, फक्त डॉक्टर टळला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर हे उतरताना मी मध्ये बोललो नाही. अशा वेळी गप्प राहणं मला आता जमतं.

मग विचारलं, "1860च्या दंडविधानात स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या बाईलाही तीन वर्षांपर्यंत कैद होती. हिला किती द्यायची?"

"कैद कशाला? तसं नाही म्हणत मी."

"मग?"

"मला सांगायलाच हवं होतं हिनं!"

"तुम्ही ऐकून घेतलं असतंत?" तिनं विचारलं.

मी विवेकनिष्ठ विचारांचा, म्हणजे मनातला हट्ट सोडून साधी इच्छा ठेवायला शिकवणारा. माणसाला दुःखापेक्षा 'सांगायलाच हवं'मधला हा 'च' जास्त छळतो. 'सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं' इथवर यायला त्याला बरीच सत्रं लागली. पण एखादी गोष्ट पाप वाटणं आणि तिच्यासाठी कुणाला तुरुंगात धाडावंसं वाटणं यातलं अंतर त्याला त्याच दिवशी दिसलं. लोकांची नीती कायद्यात शोधणाऱ्यांना मी हाच प्रश्न विचारतो. किती वर्षं?

रोमानियात 1966 साली तिथला हुकूमशहा चाउशेस्कू यानं गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी घातली. पुढच्या वर्षी जन्म दुपटीच्या आसपास गेले, मग पुन्हा घसरत गेले. गर्भपात चोरून होऊ लागले आणि बायका मरत राहिल्या. 1989च्या अखेरीस बंदी उठली, तेव्हा मातामृत्यू झपाट्यानं उतरले. त्याच 1966 साली आपल्याकडे सरकारनं गर्भपाताच्या प्रश्नावर नेमलेल्या शांतिलाल शहा समितीनं अहवाल दिला. चोरट्या गर्भपातांत जाणारे जीव वाचवावेत, हा त्यामागचा मोठा हेतू होता. त्यातूनच आपला कायदा आला.

म्हणून बायकांना सांगतो, मनानं गोळ्या घेऊ नका, मान्यताप्राप्त केंद्रात जा. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. तुम्ही सज्ञान असाल तर नवऱ्याची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

तो आजही त्याला पापच म्हणतो, ती म्हणत नाही. त्यांचं एकमत करायच्या फंदात मी पडलो नाही. शेवटच्या सत्रात त्यानं पुरुष नसबंदीची चौकशी केली. बिनटाक्याची असते, सरकारी दवाखान्यात होते, एवढं सांगितलं.