आवडीचंच करतोय, तरी चिडचिड का होते?

"मॅडम, आवडीचंच करतोय की, मग मन शांत का नाही?" समुपदेशन करताना हे मी इतक्यांदा ऐकलंय ना, गाणं शिकणारे, ट्रेकवाले, मॅरेथॉनवाले सगळे थोड्याफार फरकाने हेच विचारतात, म्हणून आज एका सायकलवाल्या दादांबद्दल सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय).

चाळिशीचे, स्वभावाने प्रचंड काटेकोर. एका वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० किमीच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) पूर्ण केल्या की माणूस एसआर, म्हणजे 'सुपर रँडोनियर' होतो, यांच्या तीन झाल्या आणि ६०० ला, ४० तासांची मुदत असते त्याला, डीएनएफ, म्हणजे राइड पूर्ण झाली नाही. तेव्हापासून गुडघा दुखतोय, डॉक्टरांनी आराम सांगितलाय तरी पहाटे चारला ट्रेनरवर (घरात एका जागी सायकल चालवायचा स्टँड) आणि घरात सगळ्यांवर चिडचिड.

"एसआर व्हायलाच पाहिजे होतं."
"नाही झालं तर?"
"मग बाकीच्या तिन्हींना काय अर्थ?"

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांनी काम करते, त्यामुळे हा 'च' आला की माझे कान टवकारतात. 'व्हावं' ही इच्छा झाली, 'व्हायलाच पाहिजे' हा हट्ट, आणि हट्ट मोडला की माणूस स्वतःलाच नापास करतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी २००३ मध्ये हेच वेगळ्या शब्दांत मांडलं, एक आवड तुमच्या ताब्यात असते आणि दुसरी तुम्हाला ताब्यात घेते. तिथल्या बर्फाळ थंडीत, घसरड्या रस्त्यांवरही सायकल न सोडणाऱ्यांमध्ये ही दुसरी जास्त दिसली होती.

"पण मॅडम, माझा स्वभावच असा आहे."

राहू दे ना! काटेकोरपणामुळेच तर ४०० झाली. पण स्वतःला आवडतं म्हणून नीट करणं वेगळं आणि ग्रुपमध्ये कमी पडू नये म्हणून जिवाचं रान करणं वेगळं, तुम्हीही तपासून बघा, एक दिवस सुट्टी घेतली की थोडी चुटपुट लागते की अपराधी वाटतं?

पाचव्या सेशनला विचारलं, ६०० मधलं काय आठवतंय? स्पीड, कंट्रोलच्या (वाटेतल्या तपासणी थांब्यांच्या) वेळा, सगळं घडाघडा. अजून? बराच वेळ गप्प. मी काही बोलले नाही, अशा शांततेत घाई करायची नसते हे मी इतक्या वर्षांत शिकलेय. मग म्हणाले, "रात्री पंक्चर झालं होतं, एक ट्रकवाला काका मोबाईलचा टॉर्च धरून उभा राहिला, मग चहा पाजला." आणि डोळे भरून आले. "हे मी कोणाला सांगितलंच नाही, राइड फेल होती ना."

त्या दिवशी मी फक्त एवढंच सांगितलं, घरी जाऊन हे वहिनींना सांगा.

तीन आठवडे सायकल बंद ठेवली त्यांनी. सीटची उंची अजून मिलिमीटरमध्येच मोजतात म्हणे, पण परवा मुलीबरोबर आठ किमी गेले आणि किती वेळ लागला ते बघायचं विसरले.