आर्मबार नंतर, आधी सुटका

जिउ-जित्सूच्या पहिल्याच महिन्यात आर्मबारच्या, म्हणजे समोरच्याचा हात मांड्यांत धरून कोपर उलटा ताणायच्या डावाच्या, मागे लागू नकोस. आधी समोरच्याच्या खालून निसटायला शीक. कुशीवर वळायचं, पाय रोवायचा, कंबर मागे सरकवायची. हे श्रिंपिंग कंटाळवाणं वाटतं खरं, पण कुणी माउंट घेऊन छातीवर बसला की तेच कामी येतं.

आर्मबारमध्ये नवखे नुसता हात ओढत बसतात. मीही कितीतरी महिने तेच केलं आणि दंड भरून यायचे, बाकी काही नाही. गुडघे एकमेकांकडे आवळ, समोरच्याचं मनगट छातीशी धर, त्याचा अंगठा वर, मग कंबर सावकाश उचल. गुडघ्यांत फट राहिली की त्याचा कोपर निसटलाच म्हणून समज.

ट्रँगलला, म्हणजे पायांचा त्रिकोण करून मान आवळायच्या डावाला, ताकद कमी लागते, कोन जास्त. त्याचा एक हात आत, एक बाहेर, आणि तू जरा तिरका. १९९४ साली जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने त्याच्यापेक्षा कितीतरी जड कुस्तीगीर डॅन सेव्हर्नला पाठीवर पडल्या पडल्या यातच अडकवलं होतं.

आणि टॅप, म्हणजे हार मानल्याची थाप, लवकर कर. टाच पिळून गुडघा मुरगळणाऱ्या हील हूकमध्ये तर दुखेपर्यंत थांबूच नकोस. तिथे गुडघ्याचा लिगामेंट आधी जातो, कळ नंतर येते.