रसायनशास्त्र घेऊनच संग्रहालयाकडे

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असून रसायनशास्त्र हा तिचा मुख्य विषय आहे. तिला वस्तुसंग्रहालयात काम करण्याची मनापासून ओढ आहे. परदेशी विद्यापीठांत कलेचा इतिहास आणि संग्रहालयशास्त्र यांच्या जोडीला दुसरी विद्याशाखा घेऊन संयुक्त पदवी मिळते, असे तिच्या वाचनात आले. अशा पदवीचा खरोखर उपयोग होतो का? त्यासाठी तिने विज्ञान सोडून कला शाखेत नव्याने प्रवेश घ्यावा का? आपल्याकडे काही सोय आहे का? – एक पालक, सांगली

उत्तर : आपल्या मुलीने विज्ञान मुळीच सोडू नये. संग्रहालयांना ज्या माणसांची सर्वांत जास्त निकड असते, त्यांत रसायनशास्त्र जाणणारी आणि त्याचबरोबर चित्र किंवा मूर्ती डोळसपणे पाहू शकणारी माणसे येतात, आणि ही दोन्ही अंगे एकाच व्यक्तीत क्वचितच आढळतात.

अजिंठ्याचेच पाहा. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने तेथील भित्तिचित्रांच्या जतनासाठी लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटू लागलेले रंगांचे पापुद्रे धरून ठेवण्याचे त्यांनी बरेच काम केले; मात्र चित्रांवर दिलेला लाखेच्या रोगणाचा थर पुढे पिवळा आणि काळपट पडत गेला, त्यावर धूळ-काजळी बसली, आणि मूळ रंगसंगती झाकोळून गेली. तो थर उतरवण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना अनेक वर्षे अत्यंत सावकाश करावे लागले. लाख विरघळेल पण तिच्याखालचा रंग सुटणार नाही असे द्रावण कोणते, हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे; खाली दिसू लागलेली रेषा मूळ चित्रकाराची की नंतर कोणी गिरवलेली, हे मात्र त्या काळातील शैलीचा अभ्यास असल्याशिवाय ठरवता येत नाही. जुन्या लघुचित्रांत वापरलेला जंगाल, म्हणजे तांब्यापासून केलेला हिरवा रंग, कालांतराने खालचा कागद जाळतो. तिथेही हीच दोन ज्ञाने एकत्र लागतात.

याच गरजेतून उभा राहिलेला एक अभ्यासक्रम न्यूयॉर्क विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. तेथील संवर्धनाचे, म्हणजे कलावस्तूंचे जतन व दुरुस्ती शिकवणारे, केंद्र १९६० मध्ये सुरू झाले. चार वर्षांच्या शिक्षणानंतर तेथे कलेच्या इतिहासातील एम.ए. आणि संवर्धनातील एम.एस. अशा दोन पदव्या मिळतात. प्रवेशासाठी रसायनशास्त्राची, विशेषतः सेंद्रिय रसायनाची, पक्की पूर्वतयारी लागते, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ती वेगळी करून यावे लागते. आपल्या मुलीकडे ही तयारी आधीच आहे. तिच्यात उणीव असेल ती कलेच्या इतिहासाची, आणि ती वाचनाने, छोट्या अभ्यासक्रमांनी व भरपूर पाहण्याने भरून काढता येते. डेलावेअर विद्यापीठ आणि विंटरथर संग्रहालय मिळून चालवतात तो कला-संवर्धनाचा अभ्यासक्रमही याच तोडीचा आहे; तिथे दरवर्षी साधारण दहाच विद्यार्थी घेतले जातात. अशा ठिकाणी अर्ज करण्यापूर्वी एखाद्या संवर्धन प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम केलेले असणे फार महत्त्वाचे ठरते.

जोड विज्ञानाशीच घालावी लागते असे नाही. क्लीव्हलँड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ आणि शेजारचे क्लीव्हलँड कला संग्रहालय १९६७ पासून कलेचा इतिहास एकत्रितपणे शिकवत आहेत, आणि तेथे संग्रहालयशास्त्राची जोड असलेली एम.ए. करता येते. अन्यत्र कलेच्या इतिहासाला कायद्याचीही जोड दिली जाते, आणि तिचे प्रयोजन क्लीव्हलँडच्याच संग्रहालयाच्या एका प्रसंगातून कळते. १९८२ मध्ये त्याने विकत घेतलेली दहाव्या शतकातील हनुमानाची मूर्ती कंबोडियातील मंदिरातून लुटलेली असल्याचे पुरावे पुढे आले. त्यांत संग्रहालयाच्या स्वतःच्या अभिरक्षकांच्या (क्युरेटरांच्या) संशोधनाचाही मोठा वाटा होता, आणि २०१५ मध्ये मूर्ती कंबोडियाला परत करण्यात आली. वस्तू कोणाच्या हातून कोणाकडे गेली याचा असा माग काढायला शैलीची जाण हवी, तसाच मालकीहक्काचा कायदाही कळायला हवा.

माझे स्पष्ट मत असे आहे की पदवीच्या नावात किती विषय जोडले आहेत याला फारसा अर्थ नाही. ज्या अभ्यासक्रमाला प्रत्यक्ष संग्रहालयाचे दार उघडे नाही, जिथे विद्यार्थ्याला वस्तू हाताळायला, तिची नोंद करायला आणि तिची अवस्था तपासायला मिळत नाही, तो कितीही नामांकित विद्यापीठाचा असला तरी मी त्यावर मोठा खर्च करण्याचा सल्ला देणार नाही. अर्ज करण्यापूर्वी विद्यार्थिनीने पत्र पाठवून हे विचारून घ्यावे.

भारतात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तो ललित कला विद्याशाखेत असल्यामुळे चित्र-शिल्पकारांचा सहवास आपोआप मिळतो. १९८९ मध्ये स्थापन झालेली आणि आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज या नावाने नोएडात असलेली संस्था कलेचा इतिहास, संवर्धन आणि संग्रहालयशास्त्र हे तिन्ही विषय एकाच छताखाली शिकवते. आपल्या मुलीसाठी मला ती सर्वांत सोयीची वाटते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पदव्युत्तर पदविका आणि सुसज्ज संवर्धन केंद्र आहे. आधी यांपैकी एका ठिकाणी शिकून, एक-दोन वर्षे प्रयोगशाळेत काम करून, मग शिष्यवृत्तीसह परदेशी जाणे हा क्रम खर्चाच्या आणि प्रवेशाच्याही दृष्टीने अधिक शहाणपणाचा आहे.

दोन खुलासे आवश्यक आहेत. संयुक्त पदवी म्हणजे दोन संस्थांनी मिळून दिलेले एक प्रमाणपत्र, आणि दुहेरी पदवी म्हणजे दोन स्वतंत्र प्रमाणपत्रे. भारतीय व परदेशी विद्यापीठांच्या अशा सहकार्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे विनियम आहेत, तेव्हा भारतीय संस्थेमार्फत जाणार असाल तर अभ्यासक्रम त्यांत बसतो का, हे पाहावे. दुसरे असे की स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजसारख्या विद्यापीठांत कलेचा इतिहास आणि दुसरा विषय मिळून जी एम.ए. (ऑनर्स) देतात, ती चार वर्षांची पहिली पदवी असते. नावावरून तिला पदव्युत्तर समजून बी.एस्सी. झालेल्या मुलीने तिथे अर्ज करू नये.